जमखंडीचें ग्रहण आणि अंतराळांतील दुर्बिणी

शके १७९० च्या श्रावण अमावास्येस, म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ रोजीं सकाळीं, दक्षिण महाराष्ट्रावर चंद्राची सावली पडली. अरबी समुद्रावरून आलेला खग्रासाचा हा पट्टा सुमारें दोनशें किलोमीटर रुंद होता. विजयदुर्ग, कोल्हापूर, मिरज, सांगली, विजापूर हीं सारीं स्थळें त्यांत सांपडलीं, आणि पुढें गुंटूर व मच्छलीपट्टणवरून ती सावली बंगालच्या उपसागरांत निघून गेली.

ग्रहण केव्हां लागणार हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हता. गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून आपले पंचांगकर्ते शतकानुशतकें तें गणित करीत आले होते, आणि आठच वर्षांपूर्वीं केरोपंत छत्र्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध झालीं होतीं. नवा होता तो दुसराच प्रश्न: सूर्य कशाचा बनलेला आहे? किरखॉफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनीं नुकतेंच दाखवून दिलें होतें कीं, प्रकाश लोलकांतून नेऊन त्याचा वर्णपट पाहिला असतां त्यांतील रेषांवरून मूलद्रव्यें ओळखतां येतात. खग्रासाच्या वेळीं चंद्रबिंबाच्या कडेला ज्या तांबड्या ज्वाला दिसतात, त्यांवर वर्णपटदर्शक रोखण्याची पहिली मोठी संधि म्हणजे हें ग्रहण.

लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यासाठीं उपकरणें पाठविलीं, आणि तीं घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीस आले. सांगलीच्या आग्नेयेस, सरळ रेषेनें सुमारें ८५ किलोमीटरांवर असलेली जमखंडी ही त्या वेळीं पटवर्धन घराण्याच्या एका संस्थानाची राजधानी होती. आज ती कर्नाटकांत आहे. हर्शेल हे हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांतील अधिकारी. त्यांचे वडील सर जॉन हर्शेल हे नामांकित ज्योतिषी होते, आणि आजोबा विल्यम हर्शेल यांनीं १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधला होता. या आजोबांकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

ऑगस्ट महिन्यांतील दक्षिण महाराष्ट्राचें आकाश कसें असतें हें सांगलीकरांस सांगावयास नको. ऐन खग्रासांत ढगांमागून ढग सरकत होते. पांचेक मिनिटांच्या त्या काळोखांतून ढगांनीं जेवढें दिलें तेवढ्यांत हर्शेलना ज्वालेचा वर्णपट दिसला: एक तांबडी, एक नारिंगी आणि एक निळी अशा तेजस्वी रेषा. याचा अर्थ उघड होता. ज्वाला म्हणजे तापलेला वायु होय. नारिंगी रेषा मात्र मिठांतील सोडियमच्या रेषेच्या इतकी जवळ होती कीं, ती तीच असावी असें त्यांस वाटलें. त्यांच्या उपकरणास याहून बारीक भेद दाखविणें शक्य नव्हतें.

ती सोडियमची नव्हती. त्याच वर्षीं २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनीं इंग्लंडमध्यें बसून, ग्रहण नसतांना, सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक लावून ती रेषा नीट मोजली, तेव्हां ती सोडियमच्या दोन्ही रेषांपासून वेगळी ठरली. पृथ्वीवर अज्ञात असलेल्या या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम हें नांव पडलें. पृथ्वीवर तें सांपडावयास १८९५ साल उजाडावें लागलें. रॅम्से यांस तें युरेनियमयुक्त खनिजांत मिळालें. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याची युक्ति फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांना गुंटूर येथें ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशीं साधली होती.

विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात, आणि अलीकडे तेथें १८ ऑगस्टला हेलियम दिवसहि साजरा होतो. लॉकियर साहेबांनीं १८६८ सालीं येथूनच हेलियम शोधला अशी समजूत कोंकणांत दृढ आहे. परंतु त्या दिवशीं लॉकियर इंग्लंडांत होते. ते हिंदुस्थानांत प्रथम आले तें १८७१ च्या ग्रहणासाठीं, मलबार किनाऱ्यावर बेकल येथें. आणि विजयदुर्गास आले तें २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांच्या साह्यानें त्यांनीं तेथें मोठी छावणी उभारली होती. लॉकियर खरे, विजयदुर्गहि खरा. कालांतरानें दोन ग्रहणांची एक आख्यायिका झाली, एवढेंच. अशा आख्यायिकेनें कोणाचें काय बिघडतें, असें कोणी विचारील. बिघडतें तें इतकेंच कीं, ढगांखालीं उभ्या राहिलेल्या खऱ्या निरीक्षकाची जागा ती घेऊन टाकते.

१८९८ ची सावली आपल्या बाजूस अधिक कृपाळु होती. ती विजयदुर्गावरून सह्याद्रि ओलांडून त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांत, कऱ्हाडच्या परिसरांत आली. (आजच्या सांगली जिल्ह्यांतील तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके तेव्हां साताऱ्यांतच मोडत.) पुढें सोलापूरकडील जेऊर येथें पुण्याचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीं आपआपल्या छावण्या टाकल्या होत्या. दिवस पौषाचा पावसाळ्यापासून दूर, आणि आकाश निर्मळ.

परंतु हिशेब करून पाहा. विजयदुर्गच्या ज्या कोळ्यानें १८६८ आणि १८९८ हीं दोन्ही ग्रहणें पाहिलीं असतील, त्याच्या वाट्याला तीस वर्षांत खग्रासाचीं आठ मिनिटेंहि आलीं नाहींत. ज्वालांचा प्रश्न जान्सेन व लॉकियर यांच्या युक्तीनें सुटला. पण सूर्याभोंवतीं जें रुपेरी प्रभामंडल दिसतें, त्याला ही युक्ति लागू पडेना. तें बिंबापेक्षां सुमारें दहा लाख पटींनीं मंद. आपल्या हवेंत पसरलेल्या उजेडांतच तें बुडून जातें. १९३१ सालीं फ्रान्समध्यें ल्यो यांनीं उंच पर्वतशिखरावर, दुर्बिणीच्या आंतच सूर्यबिंब झांकून, प्रभामंडलाचा आंतील भाग ग्रहणाविना टिपला. तरी डोक्यावर हवा होतीच.

याच प्रभामंडलानें शास्त्रज्ञांस सत्तर वर्षें चकविलें. १८६९ च्या अमेरिकेंतील ग्रहणांत त्याच्या वर्णपटांत एक हिरवी रेषा दिसली, आणि हेलियमच्या धर्तीवर हेंहि नवें द्रव्य समजून त्याला ‘कोरोनियम’ नांव देण्यांत आलें. पण असें द्रव्यच नव्हतें! ग्रोट्रियान व एडलेन यांनीं १९४० च्या आगेंमागें सिद्ध केलें कीं, ती रेषा लोखंडाची आहे; मात्र अशा लोखंडाची कीं ज्याच्या अणूंतून तेरा इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत. त्यासाठीं दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजार अंशांचा, आणि त्याच्या बाहेरचें मंडल त्याच्या शेंकडों पट तप्त! चुलीपासून दूर जावें तों ऊब वाढत जावी, असा हा प्रकार; त्याचा पुरता उलगडा अद्यापहि झालेला नाहीं.

इतका तप्त वायु मुख्यत्वें क्ष-किरण व जंबुपार किरण फेंकतो, आणि हे किरण आपली हवा खालीं येऊं देत नाहीं. जीवसृष्टीवर हा मोठाच उपकार. ज्योतिष्यांपुढें मात्र हवेच्या वर जाण्यावांचून मार्ग उरला नाहीं. १० ऑक्टोबर १९४६ रोजीं अमेरिकेंत, जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणांतून वर्णपटदर्शक वर गेला आणि सूर्याचा जंबुपार वर्णपट प्रथमच टिपला गेला. पुढें १९७३ सालीं स्कायलॅबवरील दुर्बिणी आल्या. डिसेंबर १९९५ मध्यें सोहो हें यान गेलें. सूर्यावर टक लावून बसलेल्या त्याच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतून पांच हजारांवर धूमकेतु हाताशीं लागले, ही त्याची वरकड कमाई.

२ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून भारताचें आदित्य-एल१ निघालें, आणि ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेस, आपल्या जागीं पोंचलें. तेथें रात्र नाहीं, ढग नाहींत. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनें केलेली त्यावरील एक दुर्बीण बिंबाचा प्रखर प्रकाश वगळून केवळ प्रभामंडल पाहते. म्हणजे चंद्राचें काम ती स्वतःच करते. सूर्याचीं जंबुपार चित्रें घेणारी दुसरी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेची आहे. जमखंडीस जें पांच मिनिटें मिळालें, तें येथें दिवसचे दिवस मिळतें.

आतां त्या आजोबांकडे वळूं. विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं सूर्याच्या वर्णपटांत तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं तेथें, उष्णतामापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. या किरणांचा बराच भाग आपल्या हवेंतील बाष्प गिळून टाकतें. म्हणून युरोपीय अंतराळसंस्थेनें १४ मे २००९ रोजीं एक अवरक्त दुर्बीण अंतराळांत धाडली आणि तिला नांव दिलें हर्शेल. तिचा आरसा साडेतीन मीटर व्यासाचा. सुप्रसिद्ध हबल दुर्बिणीचा अडीच मीटरांहूनहि कमी. ताऱ्यांचा जन्म ज्या थंड धूलिमेघांत होतो, ते मेघ तिनें न्याहाळले.

परंतु उष्णता टिपणारें यंत्र स्वतःच उष्ण असेल तर त्यास स्वतःखेरीज दुसरें कांहीं दिसणार नाहीं. तेव्हां तिच्या उपकरणांस उणे २७१ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठीं दोन हजार लिटरांहून अधिक द्रवरूप हेलियम तिच्याबरोबर दिला होता. नातवानें जमखंडीच्या ढगांतून ज्याची नारिंगी रेषा पाहिली आणि ओळखली नाहीं, तोच हा हेलियम. हळूहळू बाष्प होऊन तो संपत गेला. २९ एप्रिल २०१३ रोजीं शेवटचा थेंब उडाला, आणि हर्शेल दुर्बिणीची दृष्टि गेली.