थंडीत थरथरणारी डिझेल मोटार : दोष नेमका कुठे?

पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींचा मिळून ऑक्टोबर २०२३मध्ये मध्य प्रदेशात नवा जिल्हा झाला. कारभार भोपाळचा असला तरी संत्र्याचा बाजार, मोठा दवाखाना आणि मुलांचे शिक्षण यांसाठी इथला मराठी माणूस नागपूरकडेच पाहतो. साहजिकच पहाटे निघणारी मोटार ही इथे गरजेची वस्तू आहे आणि ती बहुधा डिझेलची, बरेचदा दुसऱ्या हाताची असते. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीत पारा एकेरी अंकात उतरतो. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. अशा पहाटे किल्ली फिरवताच गाडी धडधडते, सुकाणूचक्र थरथरते, मागून पांढरा धूर निघतो आणि दोन-चार मिनिटांत सारे शांत होते. कोकणपट्टीत ही तक्रार क्वचितच ऐकू येते. पांढुर्ण्याच्या गॅरेजवाल्याला मात्र हिवाळाभर याच दुखण्याच्या गाड्या तपासाव्या लागतात.

निदान चुकले की खिशाला मोठी चाट बसते. हीटर, म्हणजे ग्लो प्लग, काही शेकड्यांत मिळतो. इंजेक्टरांचा संच मात्र हजारोंच्या घरात जातो. हीटर जळालेला असताना इंजेक्टर बदलले जाण्याचे प्रकार विरळ नाहीत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते बावीस पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, ते याच तत्त्वावर. थंडीत सिलिंडरच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात, बॅटरी मंदावते, घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन सावकाश फिरते. चारपैकी एका सिलिंडरला जरी ज्वलनापुरती उष्णता मिळाली नाही, तरी त्या सिलिंडरची फेरी वाया जाते आणि इंजिन लंगडते. यालाच मेकॅनिकच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात.

पहिला प्रश्न असा की, थरथरते ते इंजिन की नुसती गाडी? बॉनेट उघडून गाडी मंद गतीवर उभी ठेवावी आणि धुराड्यापाशी कान द्यावा. आवाज एकसारखा असेल आणि तरीही आसन व आरसा थरथरत असेल, तर संशय इंजिनाच्या फाउंडेशनवर घ्यावा. इंजिन ज्या रबरी आधारांवर टेकलेले असते, ते थंडीत कडक होतात. त्यांतले काही तेलभरले असतात आणि ते फुटले की खाली ओघळ दिसतो. ब्रेक दाबून क्षणभर रिव्हर्स गिअरवर किंचित क्लच सोडल्यास इंजिन प्रमाणाबाहेर उसळते. उलट धुराड्याचा आवाजच ठरावीक अंतराने अडखळत असेल, तर दोष ज्वलनात आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. थरथर एक-दोन मिनिटांत गेली तर आधी हीटर तपासावेत. इंजिन पूर्ण तापल्यावरही ती टिकली तर हीटर निर्दोष समजून इंजेक्टर, ईजीआर झडप आणि सिलिंडरचा दाब यांकडे वळावे. गाडी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होते, लगेच दम टाकते आणि मग सुरळीत चालते, असे उन्हाळ्यातही रात्रभर उभी राहिल्यावर घडत असेल, तर इंधनाच्या नळीत हवा शिरते आहे. रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी पंपाला हवा मिळते. फिल्टरनंतर थोडा काळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. दोष बहुधा फिल्टरच्या रबरी कड्यात किंवा नळीच्या ढिल्या जोडात सापडतो.

धुराचा रंगही बोलतो. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. निळसर धूर इंजिन-तेल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. तिथे एअर फिल्टर आणि काजळीने उघडी अडकलेली ईजीआर झडप आधी पाहावी. थंड हवेत सुरुवातीला दिसणारी, गंध नसलेली वाफ मात्र स्वाभाविक आहे.

हीटरची तपासणी सोपी आहे. वायर काढून मल्टिमीटरने हीटरचे टोक आणि इंजिनाचे लोखंड यांमधला रोध मोजावा. चांगला हीटर साधारणतः एक-दोन ओहमच्या आत असतो. मीटरने जोड तुटल्याचे दाखवले तर तो जळाला. चारही एकदम मृत भासले तर आधी रिले व फ्यूज पाहावेत. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझला म्हणजे हीटर तापले, असा समज सार्वत्रिक आहे. जुन्या गाड्यांत तरी तो दिवा निव्वळ वेळ मोजतो. १९९८च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनात इंधन पूर्वकक्षात फवारले जाई. अशा इंजिनाला हीटरवाचून थंडीत सुरू होणेच कठीण. पुढे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा यांत आलेले १.३ लिटरचे कॉमन रेल इंजिन हीटरशिवायही बहुधा सुरू होते, पण रडतखडत. म्हणूनच तिथे दोष महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहतो.

कॉमन रेल गाडीला स्कॅनर लावताना तो पहाटे, इंजिन सुरू करण्यापूर्वी लावावा. त्या वेळी शीतकाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. शीतकाचा सेन्सर खोटेच चाळीस अंश दाखवत असेल, तर संगणक हीटर पुरेसे तापवणार नाही आणि हीटर बदलूनही काही साधणार नाही. मग मंद गतीवर प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा पाहावी. तीन सिलिंडर शून्याजवळ आणि एकच फार दूर, असे दिसले की लंगडा सिलिंडर सापडला. मात्र दोष त्या इंजेक्टरचाच, की सिलिंडरच्या दाबाचा, हे अजून ठरायचे असते. त्यासाठी चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून कोणती आधी भरते ते पाहतात, आणि डिझेलसाठीच्या गेजने दाब मोजतात. पेट्रोल गाडीचे गेज इथे चालत नाही.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजेक्टरच्या नळीचे नट सैल करून ‘कोणता सिलिंडर काम करत नाही’ हे पाहण्याची रीत आहे. कॉमन रेल गाडीत ती कदापि अवलंबू नये. मंद गतीवरही रेलमधला दाब शेकडो बारचा असतो आणि ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम दिसायला क्षुल्लक असली तरी तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

इंधनही दोषी असू शकते. भारतीय मानक आयएस १४६०नुसार थंड फिल्टरमधून डिझेल वाहण्याची तापमान-मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश, तर उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. म्हणजे मोटारपंपासाठी उन्हाळ्यात ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल पौषातल्या पहाटे गाडीत ओतले, तर मेणाचे कण फिल्टर तुंबवू शकतात. शिवाय ड्रमच्या तळाशी पाणी साचते, ते निराळेच.

काही घरगुती उपाय घातक आहेत. तेलाच्या चेंबरखाली कापूस पेटवणे किंवा हीटर तापलेले असताना हवेच्या नळीत पेट्रोल वा ईथर फवारणे, याने आग लागते किंवा पिस्टन फुटतो. गाडी बंद पडवीत सुरू ठेवून तापवण्याचीही चाल आहे. तो धूर घरात शिरतो.

निदानातली सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्राची नसून वेळापत्रकाची आहे. सौसर बाजारातल्या गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी तिथे पोचते तेव्हा तापलेली असते आणि मेकॅनिकपुढे निर्दोष चालते. मग अंदाजाने भाग बदलले जातात. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये ठेवून, पहाटेचा पहिला स्टार्टर मेकॅनिकनेच मारावा. ते जमत नसेल तर पहिल्या तीन मिनिटांचे मोबाइल चित्रीकरण करावे, त्यात धुराडे आणि उघडे बॉनेट दोन्ही यावे. तेलाची डिपस्टिकही त्याच वेळी पाहावी : पातळी न भरताच वाढलेली आणि तेलाला डिझेलचा वास असेल, तर इंधन तेलात मिसळते आहे, बहुधा गळक्या इंजेक्टरमधून. अशी गाडी नागपूरपर्यंत न्यायची तर चालवत नव्हे, ओढूनच न्यावी.