छोड : जरीत लिहिलेला संघाचा इतिहास

आपला इतिहास आपण शिलालेखांत, ताडपत्रांत आणि धातुप्रतिमांच्या पाठीवर शोधतो. तो देरासराच्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या मखमलीवरही लिहिलेला असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत तपाच्या पूर्णतेप्रीत्यर्थ भरतकाम करवून अर्पण केला जाणारा ‘छोड’ हा असाच एक ऐवज होय.

मराठीत आपण व्रत ‘उजवतो’. आपल्या गुजराती घरांत त्यालाच ‘उजमणे’ म्हणतात. ज्ञानपंचमी, नवपद ओळी, वीसस्थानक, वर्षीतप अशी तपे पूर्ण झाली की ज्ञान, दर्शन व चारित्र यांची उपकरणे मांडून ती मंदिरे, ज्ञानभांडारे आणि साधु-साध्वी यांना अर्पण करावयाची, असा हा सोहळा. उपकरणांची संख्याही तपाला अनुसरून : ज्ञानपंचमीस पाच, नवपदास नऊ, वीसस्थानकास वीस. या मांडणीची शोभा म्हणजे छोड. पाठीमागे लावावयाचा पुठिया, वरचा चंदरवा आणि तोरण असा साधारणतः त्याचा संच असतो.

जिनप्रतिमा जशी ‘भरवितात’, तसाच छोडही भरवून घेत. यजमान गुरुमहाराजांच्या सल्ल्याने विषय निवडी. वर्षीतपासाठी श्रेयांसकुमारांच्या हातून झालेले ऋषभदेवांचे इक्षुरसाचे पारणे, नवपद ओळीसाठी सिद्धचक्र अथवा श्रीपाल-मयणासुंदरी यांची कथा शोभून दिसे. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, अष्टमंगल, शत्रुंजय तीर्थ हे विषयही आवडीचे. प्रथम चित्र कागदावर रेखाटले जाई. रेषांवर सुईने छिद्रे पाडून त्यांतून भुकटी घासली की आकृती मखमलीवर उमटे. कापड कारचोबावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून आकृतीच्या उठावासाठी खाली सुताचा भराव घालीत. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेचे कसब, सलमा आणि टिकल्या एकेका टाक्याने बसवीत. जरीचे मोठे केंद्र सुरत.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कडेचा लेख. तपस्वीचे नाव, कुटुंब, गाव, तप, गुरुमहाराजांचे नाव आणि विक्रम संवत असा मजकूर त्यात आढळतो. प्रतिमालेखांची जुनी रीतच येथे धाग्यात उतरली आहे. कार्तिकादी गणनेचा संवत १९९० म्हणजे इ.स. १९३३-३४, हे ध्यानी ठेवले तर हे लेख सहज वाचता येतात. तप करणाऱ्यांत श्राविकांची संख्या मोठी. त्यामुळे वहीखात्यांत कधीच न आलेली स्त्रियांची नावे येथे सापडू शकतात.

कारागिराचे नाव मात्र लेखात क्वचितच असते. जरदोजीचे कारागीर बहुतांशी मुसलमान. तीर्थंकरांच्या जीवनातील प्रसंग त्यांच्या बोटांनी श्रद्धापूर्वक भरले आणि ते अनाम राहिले. हे ऋण आपण मान्य केले पाहिजे.

जुने छोड थोडेच उरले, याचे कारण त्यांच्या मोलातच आहे. जर काळी पडली, मखमल विरली की वस्त्र जाळून चांदी काढून घेण्याची पद्धत होती. चांदी हाती आली. पण लेख गेला, नाव गेले. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयाने, ज्याची स्थापना १९४९ साली झाली, जैन वस्त्रकलेचे नमुने जपले आहेत. तथापि प्रत्येक गावाचा इतिहास संग्रहालयात कसा पोहोचणार? तो आपणच राखावयाचा.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा योग. आपापल्या देरासरातील जुने छोड बाहेर काढावेत, लेख उतरवून घ्यावेत, छायाचित्रे काढावीत. घडीवर जरीची तार तुटते, म्हणून वस्त्र स्वच्छ मलमलीसह गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. आणि कोणी नवा छोड हाताने भरवून घेणार असेल, तर काठावर तपस्वीचे नाव घालताना अस्तरावर कारागिराचेही नाव घालावे. आणखी पन्नास वर्षांनी ते वस्त्र उलगडणाऱ्यास तप कोणी केले आणि टाके कोणी घातले, दोन्ही कळेल.