लाकूड सांधणारा सरस : एक इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पाथरवट आणि गवंडी यांच्याबरोबर सुताराचे नाव येतेच. जुन्या कारागिरांनी खांब आणि तुळया उभ्या केल्या त्या कुसू आणि खाच यांच्या बळावर. सरस लागे तो बारीक कामाला, आणि तो जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला असे. आज दारे, तक्तपोशी आणि कपाटे यांत प्लायवूड आले आहे. प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची सरसाने जोडलेली चळत. तेथे कुसू नाही, खिळा नाही. सारी भिस्त सरसावर. म्हणून तो सरस कशाचा आहे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

प्लायवूडच्या धंद्याला आरंभी बळ दिले ते एका कडधान्याने. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरचे रसायनतज्ज्ञ आयर्विंग लॉक्स यांनी १९२० नंतरच्या दशकात तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीपासून सरस सिद्ध केला. सोयाबीनमधील प्रथिनांचे धागे मुळात गुंडाळलेले असतात. कॉस्टिक सोड्याने ते उलगडतात, लाकडाच्या अंगावर पसरतात आणि वाळल्यावर घट्ट धरून बसतात. हा सरस स्वस्त होता, पण त्यात एक मोठी उणीव होती. पाणी लागले की तो सुटे आणि ओलीत त्याला बुरशी धरे.

याच उणिवेने त्याचा घात केला. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनवले होते. त्याच जातीच्या रेझिनचा जलाभेद्य सरस जेम्स नेव्हिन यांनी १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबर्डीन येथे प्लायवूडसाठी तयार केला. घरातल्या सामानासाठी त्याहून स्वस्त असे युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन आले. सोयाबीनचा सरस हळूहळू मागे पडला.

परंतु या स्वस्ताईची किंमत कोणी तरी मोजतच होते. युरियाच्या रेझिनमधील बंध हवेतील ओलाव्याने हळूहळू तुटतात आणि फॉर्माल्डिहाइडचा वायू वर्षानुवर्षे बाहेर पडत राहतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. फिनॉलच्या रेझिनमधून तो फारच कमी सुटतो. सर्वांत अधिक धोका कारखान्यातील कामगाराला. त्यानंतर बंद खोलीत नव्या फळ्या कापणाऱ्या सुताराला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्वाळा दिला. २००७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने लाकडी फळ्यांतून सुटणाऱ्या या वायूवर कडक मर्यादा घातली.

वनस्पतींकडे वळण्याचे प्रयत्न मात्र त्याआधीही थांबले नव्हते. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, ते तिच्यातील टॅनिनमुळे. हे टॅनिन फिनॉलचेच सोयरे. बाभळीच्या कुळातील वॉटल झाडाच्या टॅनिनचा सरस दक्षिण आफ्रिकेतील कारखान्यांत १९७० नंतर वापरात आला. आपल्याकडे प्लायवूडच्या संशोधनासाठी बंगलोर येथे १९६२ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. काजूच्या टरफलातले तेल कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बिब्ब्यासारखे ते अंगावर उतते. त्या तेलातही फिनॉलच्या जातीची द्रव्ये आहेत आणि सरसात फिनॉलचा काही भाग त्यांनी भागवता येतो. पण टॅनिन काय किंवा काजूचे तेल काय, दोहोंना सहसा थोडेफार फॉर्माल्डिहाइड लागतेच, हेही नमूद केले पाहिजे.

खरी वाट दाखवली ती समुद्रातल्या शिंपल्यांनी. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक काइचांग ली यांनी पाहिले की, लाटांचा मारा सोसूनही कालवांच्या जातीचे हे जीव खडकाला चिकटून राहतात. त्यांच्या धाग्यांतही प्रथिनेच असतात. मग सोयाबीनच्या प्रथिनांना पाण्यात टिकण्याचा तोच गुण का देऊ नये? ली यांनी सोयाबीनच्या पिठात कागद ओला झाला तरी फाटू नये म्हणून वापरले जाणारे एक रेझिन मिसळले. फॉर्माल्डिहाइड न घालता बनवलेला हा सरस एका मोठ्या प्लायवूड कंपनीने २००५ च्या सुमारास स्वीकारला आणि २००७ मध्ये या कामाला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातले जोड-रेझिन कृत्रिम आहे. तेव्हा तो निव्वळ वनस्पतिज म्हणता येणार नाही. पण ज्या पाण्याने सोयाबीनला हरवले होते, त्याच पाण्यासमोर ते पुन्हा उभे राहिले.

वास्तू बांधणाऱ्यांनी यातून एवढे तरी घ्यावे. फळी घेताना जाडी आणि भाव विचारतो, तसा तिच्या सरसाचाही विचार करावा. वायू कमी सोडणाऱ्या फळ्यांवर ‘ई-१’ सारखा दर्जा छापलेला असतो, तो पाहावा. नव्या कामानंतर दारे-खिडक्या काही दिवस उघड्या ठेवाव्यात, आणि फळ्या कापायच्या त्या मोकळ्या हवेत. वास्तू शंभर वर्षे टिकावी अशी सर्वांचीच इच्छा असते. ती उभारणाऱ्या हातांचा श्वासही निर्मळ राहावा, हीसुद्धा त्याच इच्छेची दुसरी बाजू होय.