इन्सुलिनचं ‘युनिट’ सशावरून आलं
मांजरीला नुकताच डायबेटिस निघालाय, इंजेक्शन घरीच द्यायचंय? मग हे ‘युनिट’ बघाच. १९२२ च्या सुमारास टोरांटोत इन्सुलिन शुद्ध मिळत नव्हतं, त्यामुळे वजनाऐवजी परिणाम मोजला. २ किलोच्या उपाशी सशाची साखर ४५ पर्यंत, म्हणजे झटके येण्याइतकी उतरवणारं इन्सुलिन म्हणजे १ युनिट. (बिचारा ससा!) पुढे हे माप एक तृतीयांश केलं.

आज भारतात १ मिलीत ४० आणि १०० युनिट, अशा दोन्ही बाटल्या मिळतात. १०० चं ग्लार्जिन लाल टोपणाच्या, ४० च्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलं, तर मांजरीला जातात अडीच युनिट. त्या सशासारखे झटके तिलाही येऊ शकतात. वर्ध्यात मेडिकलमधून घेताना बाटलीवरचा नि सिरिंजवरचा आकडा तिथेच जुळवून बघा.