बावखलाच्या काठी: वसईच्या पाण्याची राखण

वसई-विरारची पश्चिम किनारपट्टी म्हणजे दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि समोर अरबी समुद्र यांच्या मधला वाळूचा चिंचोळा पट्टा. तिन्ही बाजूंनी खारे पाणी असूनही शतकानुशतके इथे केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या फुलत आल्या. वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांचा पाहुणा. उरलेले आठ महिने त्याच पाण्यावर काढायचे, तर ते राखायला हवे. ही राखण वसईत धर्माने, ध्यानाने आणि शेतीने मिळून केली.

तिची सर्वांत जुनी खूण सोपाऱ्यात सापडते. आजचा नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. 1882मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणून तिथला स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी भातेला तलावाजवळ मिळाला; नवव्याचा तुकडा 1956मध्ये भुईगावला हाती लागला. बौद्ध परंपरेत शूर्पारकाचे नाव पूर्णाशी जोडलेले आहे. समुद्रावर व्यापार करणारा हा माणूस पुढे भिक्षू झाला आणि आपल्याच मुलखात परतला, असे ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहातली कथा सांगते.

या परंपरेतल्या भिक्षूंचे पाण्याशी नाते नियमांनी बांधलेले होते. पावसाळ्यात त्यांनी एका जागी राहायचे, म्हणजे कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडले जात नाहीत. हा वर्षावास ध्यानाचाही काळ असे. भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे फडके होते, कारण पाण्यातला जीव पोटात जाऊन मरू नये. पाण्यात थुंकायचे नाही, मलमूत्र करायचे नाही, असाही नियम विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, आहे. सूट फक्त आजाऱ्याला. मन स्थिर ठेवण्याची साधना आणि पाणी स्वच्छ ठेवण्याची शिस्त इथे एकाच आचाराचा भाग होती, आणि सोपाऱ्याच्या इतिहासात स्तूपाइतकेच मोल या शिस्तीला द्यायला हवे.

सोपाऱ्याहून थोड्याच अंतरावर निर्मळ आहे. विमल काय आणि निर्मळ काय, अर्थ एकच: स्वच्छ. स्थळाच्या माहात्म्यात या दोन्ही नावांची तीर्थे येतात. विमलेश्वराचे मंदिर पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले. 1739मध्ये वसई मराठ्यांकडे आली आणि पुढे पेशव्यांचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी ते पुन्हा उभारले. इथे पद्मनाभ शंकराचार्यांची समाधी मानली जाते आणि कार्तिक वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. गावात होली क्रॉस चर्चही आहे. ज्या जागेचे नावच निर्मळ, तिथले पाणी घाण होऊ न देणे हे आपले काम आहे, ही भावना पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

तीर्थाचे पाणी यात्रेपुरते आठवते. वाडीचे पाणी रोज लागते. त्यासाठी वसईकरांनी बावखले खणली. बावखल म्हणजे वाडीतले खोलगट, काठाशी उतरते तळे. पावसाचे पाणी वाहून खाडीला न जाता इथे साचते, वाळूतून सावकाश खाली मुरते आणि आसपासच्या विहिरींना पुरते. अनेक बावखले चार-पाच घरांच्या सामाईक मालकीची असत, आणि कोणी कधी पाणी घ्यायचे याच्या पाळ्या ठरलेल्या असत. सामवेदी, वाडवळ, ख्रिस्ती कुपारी अशा सगळ्याच शेतकरी समाजांची ही व्यवस्था.

काठावर रहाट असे. बैल किंवा रेडा गोलगोल फिरे, लाकडी चाक करकरे आणि माळेला बांधलेले लोटे एकामागून एक खाली जाऊन भरून वर येत. वर आलेला लोटा पन्हळीत ओतला जाई, तिथून पाणी पाटाने वाफ्यात. जनावर दमले की रहाट थांबे. उपसा किती करायचा याची मर्यादा म्हणजे जनावराची दमछाक. रात्रभरात मुरलेले पाणी सकाळी पुन्हा चढलेले दिसे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढून केळीच्या बुंध्याशी टाकत. त्याने वाडीला खत मिळे आणि बावखलाला खोली.

या मर्यादेचे मोल किनाऱ्यावर फार मोठे आहे. वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, कारण ते हलके असते. नेदरलँड्सचे बाडोन घायबेन आणि जर्मनीचे हेर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी त्याचे गणित मांडले: समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी 1 फूट असेल, तर खाली सुमारे 40 फूट गोडे पाणी सापडते. उलटही तितकेच खरे. वरची पातळी एक फूट उतरली की खारे पाणी खालून चाळीस फूट वर सरकू शकते. वसईच्या शेतकऱ्याला हे सूत्र ठाऊक नव्हते, तरी त्याची बावखले आणि पाळ्या त्याबरहुकूम चालत होत्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी डिझेल इंजिने आणि मग विजेचे पंप आले. रहाट मोडीत निघाले. पंपाला दम लागत नाही. 1980च्या दशकाअखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली होऊ लागली, तेव्हा विहिरींतले पाणी टँकर भरभरून विकले जाऊ लागले आणि काही विहिरी खाऱ्या झाल्या. याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. नंदाखालला जन्मलेले हे धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पाणी आणि झाडे राखणे हा त्यांनी श्रद्धेचाच भाग मानला. त्यासाठी मोर्चे काढावे लागले, धमक्याही आल्या, पण सामान्य शेतकरी मागे हटला नाही. 2015मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक निघाले आणि पृथ्वीला सामाईक घर म्हणत पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे त्यात मांडले गेले. वसईच्या धर्मगुरूने आणि शेतकऱ्यांनी तोच विषय सुमारे पंचवीस वर्षे आधी रस्त्यावर आणला होता.

2009मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. पाणी आता प्रामुख्याने सूर्या प्रकल्पातून येते आणि पेल्हार, उसगावसारख्या धरणांचीही भर असते. नळ आला तसे बावखलाकडे पाहणे थांबले. कितीतरी बावखलांत राडारोडा पडला, कितीतरी बुजवून इमारती झाल्या. पाणी साठवणारी जागाच गेली, तेव्हा पावसाचे पाणी रस्त्यांवर थांबू लागले. जुलै 2018मध्ये शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता आणि नालासोपाऱ्याला रेल्वेरूळ बुडाल्याने गाड्या ठप्प झाल्या.

त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी तरुण श्रमदानाने बावखले साफ करू लागले आहेत. काम मे महिन्यात होते, कारण तळ तेव्हाच उघडा असतो. आधी जलपर्णी ओढून बाहेर काढतात, मग प्लास्टिक वेचतात आणि शेवटी गाळ घमेल्याने हातोहात वर देतात. हा गाळ अजूनही जवळच्या केळीच्या बुंध्याशी जातो.