बॅलॉकमाइलचा दगडी रेल्वेपूल

ब्रिटनमधल्या जुन्या रेल्वेपुलांचा विषय निघाला की बहुतेकांना लोखंडी पूल आठवतात. आज आपण दगडाकडे वळू. व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिकडे रेल्वेचं जाळं झपाट्यानं पसरलं. रेल्वेला मोठा चढउतार चालत नाही. म्हणजे वाटेत दरी आली की पूल आलाच.

स्कॉटलंडमध्ये मॉखलिन गावाजवळ एअर नदीच्या खोल घळीवर बॅलॉकमाइलचा पूल आहे. अभियंता जॉन मिलर, बांधकाम १८४६ ते १८४८. एकूण सात कमानी. दोन्ही बाजूंना तीन-तीन लहान, आणि मधली एकच प्रचंड: गाळा १८१ फूट! त्या काळी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेपुलाला एवढी मोठी दगडी कमान नव्हती. रूळ नदीपासून सुमारे १६९ फूट उंच.

आता प्रश्न असा, की ही कमान अर्धवर्तुळाकारच का? कमानीतला प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो. वरचा भार एका दगडाकडून दुसऱ्याकडे जात खाली उतरतो. कमान चपटी असेल तर ती टेकूंना बाजूला जोरात रेटते. अर्धवर्तुळात हा रेटा बराच कमी होतो. मात्र त्यासाठी उंची हवी. गाळ्याच्या निम्मी, म्हणजे इथे नव्वद फुटांहून जास्त. घळीनं ती उंची आयतीच दिली. याउलट मेडनहेडला थेम्सचे काठ सखल, म्हणून ब्रुनेलला विटांच्या चपट्या कमानी घालाव्या लागल्या. थोडक्यात, कमानीचा आकार जमीन ठरवते.

दगडाची निवडही तशीच विचारानं झाली. पुलाचा बराचसा भाग जवळच्या लाल वालुकाश्माचा. पण मोठ्या कमानीवर दाब जास्त, म्हणून तिच्यासाठी जास्त कठीण दगड डंडीच्या बाजूहून आणला.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. कळीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोवर सगळं ओझं लाकडी सेंटरिंगवर. म्हणजे आधी सुतारांनी त्या घळीत लाकडाची कमान उभारली, मग तिच्यावर दगडाची चढली. काम झाल्यावर लाकूड निघून गेलं. इतिहासात अभियंत्याचं नाव राहिलं, सुतार-पाथरवटांची राहिली नाहीत.

हे सगळं आपल्याला का सांगायचं? कारण तेच तंत्र थोड्याच वर्षांत आपल्या सह्याद्रीत आलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. बोरघाटातही दगडी कमानींचे पूल उभे राहिले. त्यातला माउकी मळीचा पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला. चौकशीत या मार्गावरच्या बांधकामाचा निकृष्ट दर्जा उघड झाला आणि पुढे कित्येक पुलांची कामं नव्यानं करावी लागली.

दोन्हीकडे कमानीचं गणित एकच होतं. फरक पडला तो आतल्या दगड-चुन्यात आणि कामावरच्या देखरेखीत. बॅलॉकमाइलवरून आजही गाड्या धावतात. म्हणून जुना दगडी पूल पाहताना आपण नुसती कमान मोजू नये. ती कुणी, कशानं आणि किती घाईत बांधली, हेही विचारावं.