दोन कंपन्या, एक इंजिन

२०१२ साली बजाजच्या चाकण कारखान्यातून दोन मोटारसायकली बाजारात आल्या: ऑस्ट्रियाच्या केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २०० एनएस. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९. म्हणजे इंजिन १९९.५ सीसीचे. ड्यूकला मात्र दोन कॅमशाफ्ट, तर पल्सरला एकच, आणि स्पार्क प्लग तीन. इतकी जवळची इंजिने दोन कंपन्यांच्या नावावर का विकली जातात, असा प्रश्न ज्याला पडला तो कंपन्यांमधल्या भागीदारीच्या विषयाच्या दारात उभाच आहे. त्याने आत यावे.

बाजारात सगळे विकत मिळते, तर कंपनी हवी कशाला, असे अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये विचारले. त्यांचे उत्तर: भाव काढणे, घासाघीस, करारमदार यांनाही खर्च येतो, तो डोईजड झाला की काम घरातच करणे परवडते. जी. बी. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये मधल्या वाटेकडे, म्हणजे कंपन्यांच्या आपसातल्या सहकार्याकडे, लक्ष वेधले. दोन कामे एकमेकांत घट्ट गुंतलेली, पण त्यांना लागणारी कसबे अगदी वेगळी असतील, तर ती एका छपराखाली नीट होत नाहीत आणि नुसत्या ऑर्डरवरही भागत नाही.

केटीएमकडे रेसिंगमधून आलेले तंत्र आणि नाव होते; बजाजकडे लहान इंजिने स्वस्तात, मोठ्या संख्येने बनवण्याचा हातखंडा. २००७ मध्ये बजाजने केटीएमचे १४.५ टक्के भाग घेतले. पैसा अडकला की ड्रॉइंग्ज दाखवायला हात आखडत नाही. सह्यांच्या समारंभातल्या परस्परविश्वासाच्या भाषणांपेक्षा मला हे कारण जास्त पटते.

पण भागीदार शिकतो, आणि शिकलेला भागीदार स्पर्धक होऊ शकतो. हीरो आणि होंडा यांची भागीदारी, हीरो होंडा, १९८४ ची. होंडाने १९९९ मध्ये भारतात स्वतःची वेगळी दुचाकी कंपनी काढली आणि २०१० च्या अखेरीस फारकत ठरली. वर्तमानपत्रांनी तिला घटस्फोट म्हटले. पाव शतक दोघांनी भरपूर कमावले, त्याला अपयश कसे म्हणायचे? केटीएमचे उलटे झाले. २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि पुढच्या वर्षी बजाजने तिचा ताबा घेतला. तिथे मधली वाट मालकीत जाऊन मिळाली.

म्हणून नवख्या अभ्यासकाला माझी एकच विनंती: करार हाती आला तर शेवटची पाने आधी वाचा. वेगळे झाल्यावर डिझाइन कोणाचे, सुटे भाग कोण पुरवणार, कोणत्या देशात कोण विकणार, हे तिथेच लिहिलेले असते.